ओल अडवणारी नळी

मित्रांनो, जुनी म्हणाल तर मी जुनी आहे, आणि माझी मान किंचित वाकडी आहे हेही खरं. पण मोडकी म्हणाल तर मला राग येईल. मी काचेची वाळवणीची नळी. नागपूरच्या एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेत मी इमानाने राबले. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझं नावही ऐकलं नसेल. त्यात नवल नाही. पुस्तकातल्या आकृतीत चंबू मोठा काढतात, कंडेन्सर ऐटीत काढतात, आणि मला वरच्या कोपऱ्यात दोन रेघांत उरकतात. कित्येक विद्यार्थी तर मला काढायलाच विसरतात आणि अर्धा गुण घालवून बसतात. भोगा मग.

माझा जन्म एकोणीसशे त्रेसष्ट सालचा. नागपूरच्या महाल भागात ताराचंद नावाचा काचकाम करणारा कारागीर होता. रसायनशाळेतली एक ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची लांब काचनळी, फुटली, तिचा धड राहिलेला तुकडा त्याच्याकडे आला. त्याने तो भट्टीच्या निळ्या ज्योतीत लाल केला, एका टोकाने गाल फुगवून फुंकला आणि मला पोट आलं. पोटाच्या एका बाजूला रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला बारीक शेपटी. शेवटच्या क्षणी ताराचंदला खोकला आला आणि माझी मान तेवढी वाकली. तो मला परत वितळवायला निघाला होता. पण न्यायला आलेला माणूस म्हणाला, "राहू दे गा. मान वाकडी असली तं का झालं, वाट तं सरळ आहे ना आतली?"

हा माणूस म्हणजे लहानू, रसायनशाळेचा परिचर. खाकी कपडे, कानावर पेन्सिल, आणि हात असे की दिवसातून शंभर काचा धुऊन वर्षात एकही फोडायचा नाही. त्याने मला रुमालात गुंडाळून सायकलवरून आणलं. त्या दिवसापासून मी त्याची लाडकी झाले, आणि ही गोष्ट मी कधीच लपवली नाही.

आता माझं काम सांगते. तेवढं कळल्याशिवाय माझा तोरा तुम्हाला उगाचच वाटेल.

बेंझिन हे सहा कार्बनांचं गोल कुटुंब. खाऊनपिऊन सुखी. काही इलेक्ट्रॉन सहाही जणांच्या सामाईक मालकीचे, वाटणी नाही की भांडण नाही. असं सुखवस्तू घर साध्यासुध्या पाहुण्याला दार उघडत नाही. तिथे खरा भुकेलाच जावा लागतो. ज्याला इलेक्ट्रॉन कमी पडले आहेत, जो त्यांच्यासाठी वणवण करतो आणि दिसले की झेपावतो, त्याला रसायनशास्त्रात इलेक्ट्रोफाइल म्हणतात. मराठी पुस्तकवाले त्याला इलेक्ट्रॉनस्नेही म्हणतात. नाव गोड आहे, पण मी त्याला जवळून पाहिलं आहे. स्नेह कसला, भूक आहे ती.

असा भुकेला बाटलीत भरून मिळत नाही. तो चंबूतच, त्या त्या वेळी तयार करावा लागतो. ॲसिटिल क्लोराइड नावाचा एक द्रव असतो, तो तसा अर्धपोटी. त्याच्यातला क्लोरीन ॲल्युमिनियम क्लोराइडची पांढरट भुकटी ओढून घेते. मागे उरतो कडकडून भुकेला झालेला तुकडा. तो बेंझिनकडे धावतो. बेंझिन दोन इलेक्ट्रॉन पुढे करतं, त्याला घरात घेतं, त्याच्या जागी एक हायड्रोजन बाहेर काढतं आणि पुन्हा पूर्वीसारखं सुखाने नांदू लागतं. बाहेर निघालेला हायड्रोजन आणि तो ओढलेला क्लोरीन मिळून एक झोंबरा आम्लवायू होतो. त्याला बाहेर पडायला वाट लागते.

ती वाट म्हणजे मी.

पण वाट देणं हे अर्धंच काम. भुकेल्याची खोड तुम्हाला ठाऊक आहे. पहिलं ताट समोर येईल त्यावरच तो बसतो. ती ॲल्युमिनियमची भुकटीही इलेक्ट्रॉनांची भुकेलीच, आणि पाणी तर इलेक्ट्रॉन घेऊन दारातच उभं. हवेतली थोडी ओल जरी चंबूत शिरली तरी भुकटी बेंझिनचं काम सोडून पाण्याशी लागते, फसफसते, आणि संपते. मग ना भुकेला तयार होत, ना पदार्थ. म्हणून वाफ थंड करून परत खाली पाडणाऱ्या कंडेन्सरच्या डोक्यावर मला बसवतात. माझ्या पोटात भाजलेल्या कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात. आतला वायू त्यांच्यामधून बाहेर जातो, बाहेरची ओल मात्र ते पिऊन टाकतात. चंबूत घडतं ते सगळे पाहतात. काय घडू दिलं नाही, ते माझं मला माहीत.

आमच्या रसायनशाळेचे प्रमुख होते आनंदराव सर. उंच, काटक, खडूने नेहमी बाही पांढरी झालेली. हा प्रयोग शिकवताना ते दरवर्षी फळ्यावर एकच वाक्य लिहीत: पाणी हा चोर आहे. मग वळून म्हणत, "हा चोर दारातून येत नाही. तो हवेतून येतो, तुमच्या बोटांवरून येतो, तुमच्या आळसातून येतो." प्रयोगाचं वेळापत्रकही त्यांनी तसंच बांधलं होतं. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत हवा अशी कोरडी होते की धुतलेला शर्ट दोरीवर टाकून मागे फिरेपर्यंत वाळतो. त्या दिवसांतच हा प्रयोग व्हायचा. पावसाळ्यात त्याचं नावही कुणी काढत नसे.

लहानूची तयारी मात्र बारमाही. तो रोज सकाळी लोखंडी कढईत कॅल्शियम क्लोराइडचे खडे भाजायचा, ज्वारीच्या लाह्या भाजाव्या तसे, हलवत हलवत. मग तळाला कापूस, वर हरभऱ्याच्या डाळीएवढे खडे, वर पुन्हा कापूस. फार दाबायचे नाहीत, सैल सोडायचे नाहीत. दोन्ही तोंडांना बूच. आणि कामाला लावण्याआधी एक नेम: एका टोकाला रबरी फुगा लावून दाबायचा, दुसऱ्या टोकाशी तळहात धरायचा. हाताला हवा लागली की म्हणायचा, "आली." हा नेम का? कारण ओल पिऊन पिऊन खडे चिकटतात, एकमेकांना धरून बसतात आणि वाट बंद होते. वाट बंद आणि आत वायू तयार होतोय, म्हणजे काय होईल ते तुम्हीच समजा.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली एम. एस्सी.च्या वर्गात वच्छला आली. खापा गावची. तिचे वडील शालिकराम कन्हानकाठच्या एका संत्र्याच्या बागेत जागल्या होते, म्हणजे राखणदार. छप्पन साली धम्मदीक्षेच्या वेळी ती चार वर्षांची होती आणि वडिलांच्या खांद्यावर बसून तिने तो सोहळा पाहिला होता. आता ती नागपुरात सक्करदऱ्याला मावशीकडे राहून शिकत होती. मावशीचे यजमान रेल्वेत. त्यांची पुढच्या उन्हाळ्यात बदली ठरलेली. त्यांनी सक्करदरा सोडला की वच्छलालाही शहर सोडावं लागणार होतं. म्हणजे याच वर्षी पास झाली तर झाली. नापास मुलीला पुन्हा बसायची सोय नव्हती. हे तिने लहानूला सांगितलं होतं, आणि लहानू खडे भाजताना सगळं माझ्यासमोर बोलत असे.

जुलैत प्रकल्प वाटले तेव्हा तिने नेमका हाच प्रयोग मागितला. सर म्हणाले, "परीक्षक दिवाळीनंतर येणार. पावसाळा आडवा आहे. सोपं काहीतरी घे."

"सर, मले हेच करायचं आहे. बेंझिनसारखं सुखी घर कोणाले दार उघडते, ते मले पाहायचं आहे," ती म्हणाली.

सरांनी यादीत तिचं नाव लिहिलं. ॲल्युमिनियम क्लोराइडची एकच सीलबंद बाटली कपाटात होती. ती दोन प्रयोगांना पुरेल एवढी. पुढची यायला उन्हाळा उजाडणार होता. ठरलं असं, की पाऊस पूर्ण ओसरू द्यायचा आणि दसरा झाला की लगेच प्रयोग लावायचा.

आता तुम्हाला त्या नवमीची गोष्ट सांगते. सांगताना माझी काच अजून गरम होते.

आमच्याकडे खंडेनवमीला उपकरणांची पूजा होई. मोठ्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर तराजू, बर्नर, चंबू, आणि सगळ्यांत पुढे मी. लहानूनेच पुढे ठेवलं होतं. त्याने माझी दोन्ही बुचं काढली. सरांनी विचारलं, "बुचं का काढतोस?"

"काम करणाऱ्याचं तोंड बांधून पूजा करू नये, सर."

सर हसले. तांब्याच्या पंचपात्रीत झेंडूचं फूल बुडवून ते एका टोकापासून शिंपडत गेले. तराजूवर, बर्नरवर, चंबूवर. माझ्यापाशी आले तेव्हा फूल पुरतं भिजलेलं होतं. त्यांनी हात झटकला आणि पाण्याची एक चांगली चमचाभर धार, पाकळीच्या तुकड्यासकट, माझ्या रुंद तोंडातून आत उतरली.

मित्रांनो, खरं सांगू? मी सुखावले. ज्या पाण्याला अकरा वर्षं दारात अडवलं तेच पोटात शिरत होतं, आणि मी आपली मिरवत होते, की पाहा, माझ्यावर सगळ्यांत जास्त फूल पडलं. चंबूला दोन थेंब आणि मला एवढं. माझ्या जातीला न शोभणारी गोष्ट होती ती. मला दोन तोंडं आहेत, पण जीभ एकही नाही. असती तरी त्या क्षणी मी बोलले नसते.

संध्याकाळी लहानूला गावाकडची गाडी गाठायची होती. त्याने घाईने बुचं बसवली आणि मला पेटीत ठेवलं. पुढे दसऱ्याची सुट्टी आणि लागून रविवार. वच्छला नवमीपासूनच रजेवर होती; दीक्षाभूमीला जाण्यासाठी खाप्याहून तिच्या घरची नऊ माणसं मावशीकडे उतरली होती. रसायनशाळेत कुणी नव्हतं. अंधाऱ्या पेटीत माझ्या पोटातले खडे पाणी पीत राहिले, पाघळले, एकमेकांना मिठ्या मारत गेले. सोमवारी सकाळी माझ्या पोटात खडे नव्हते. एकच ढेप होती.

सोमवारी वच्छला सगळ्यांआधी आली. चंबू ओव्हनमधून काढला, बेंझिन घेतलं, सीलबंद बाटली फोडून अर्धी भुकटी कोरड्या हातांनी मोजली. लहानूने मला तिच्या हातात दिलं. "घे पोरी. नवमीच्या सकाळीच भरली आहे. ताजी आहे."

तिचा हात रबरी फुग्याकडे गेला होता. मी पाहिलं. पण लहानूने भरलेली नळी पुन्हा तपासायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं. तिने हात मागे घेतला आणि मला कंडेन्सरवर बसवलं. माझ्या शेपटीला रबरी नळी लावून तिचं टोक पाण्याच्या भांड्यावर उपडं टांगलं, वायू पाण्यात विरावा म्हणून.

वरच्या नरसाळ्यातून ॲसिटिल क्लोराइड थेंब थेंब पडू लागलं. आत वायू तयार झाला. तो वर आला, मला येऊन भिडला, आणि थांबला. मी आतून जीव काढत होते, पण वाट नव्हतीच. तिकडे वच्छला पाण्याच्या भांड्याकडे पाहत होती. वायू आला की पाण्यावर पांढरं धुकं दिसायला हवं. ते दिसेना. तिला वाटलं प्रयोग अजून सुरूच झालेला नाही. तिने नरसाळ्याची तोटी आणखी उघडली.

मग नरसाळ्यातून बुडबुडे उलटे वर येऊ लागले. ते तिने पाहिलं, चूक तिला कळली आणि तिने तोटी बंद केली. पण तोवर उशीर झाला होता. फट्कन आवाज झाला. बुचासकट मी उडाले, फळीवर आदळले आणि माझ्या शेपटीचा टवका उडाला. खोलीभर पांढरा, झोंबणारा धूर पसरला. कुणाला काही लागलं नाही, हे माझं नशीब.

सर धावत आले. त्यांनी खिडक्या उघडायला लावल्या, आणि चंबूतला सगळा माल बर्फावर ओतायला लावला. अर्धी बाटली गेली.

"नळी तुंबली होती, सर," वच्छला म्हणाली. तिने खाली पडलेल्या मला उचलून फुगा लावून पाहिला होता. हवा जात नव्हती.

"नळी तपासणं कुणाचं काम होतं?"

तिने वळून पाहिलं. लहानू खिडकीशी उभा होता. "माझं, सर," ती म्हणाली.

"सुट्टीवरून आलीस आणि घाईघाईत मांडणी केलीस. माझ्याजवळ आता अर्धीच बाटली आहे आणि ती मी उडवायला देणार नाही. परीक्षकांना लेखी काहीतरी दाखव." त्यांनी बाटली कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. लेखी दाखव म्हणजे प्रात्यक्षिकात नापास हो. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं.

मला फार वाईट वाटलं. घाई तिने केली नव्हती. पण सांगणार कोण?

दुपारी लहानूने मला धुवायला घेतलं. तारेने ढेप सैल करून बाहेर काढली, आणि तिच्यावरच्या कापसात रुतलेला झेंडूचा पिवळा तुकडा त्याला दिसला. तो स्टुलावर बसला. मग वच्छलाला बोलावून त्याने तळहात पुढे केला.

"पाह्य. नवमीले बुचं म्या काढली होती. पाणी आत गेलं. मी आत्ताच सरांले सांगतो."

"काहून सांगता, भाऊ? तुमची पेन्शन तीन वर्षांवर आली. अन् फुगा तं मी दाबला नाई. ते काम माहं होतं."

"तुहं काम तुह्यापाशी ठेव, पोरी. माहं माह्यापाशी राहू दे."

त्याने मला आणि त्या पाकळीला एका कागदात घेतलं आणि थेट सरांच्या खोलीत जाऊन टेबलावर ठेवलं. "बुचं म्या काढली होती, सर. नवमीले. पोरीचा दोष नाई."

सरांनी कागद ओढून घेतला. पाकळीकडे पाहिलं. पंखा कुरकुरत होता. मी वाट पाहत होते की आता लहानूवर कडाडतील. त्यांचा राग सगळ्या इमारतीला माहीत होता.

त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आणि फूल कुणाच्या हातात होतं, लहानू?"

त्या दिवशी टेबलापाशी दोनच माणसं होती, आणि लहानूची स्मरणशक्ती अशी की कुठल्या साली कुठला चंबू कुणी फोडला ते तो सांगायचा. तो म्हणाला, "मले ध्यानात नाई, सर."

"मला आहे," सर म्हणाले.

त्यांनी खिशातून किल्ली काढली, वच्छलाला आत बोलावलं आणि किल्ली तिच्यासमोर ठेवली. "अकरा वर्षं मी फळ्यावर लिहितोय, पाणी हा चोर. आणि त्याला हाताला धरून आत मीच नेलं. पाणी मी शिंपडलं, बुचं लहानूने काढली, फुगा तू दाबला नाहीस. तुला जे बोललो ते मी मागे घेतो. उद्या सकाळी आठला तिघंही इथे असू."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात पुष्कळ प्रयोग यशस्वी झाले. पण त्या खोलीत तीन माणसांनी आपापली चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि एकानेही दुसऱ्यावर ढकलली नाही, हे मी याच डोळ्यांनी, म्हणजे याच काचेने, पाहिलं. त्याचा अभिमान मला सगळ्यांत जास्त आहे. चौथी चूक माझी होती, फुलाला भाळण्याची. ती आज तुमच्यासमोर कबूल करते.

दुसऱ्या दिवशी लहानूने माझी तुटकी शेपटी बर्नरवर फिरवून गुळगुळीत केली. ओव्हनमध्ये मला तापवलं. कढईत खडे भाजले तेव्हा सर शेजारी उभे राहून स्वतः हलवत होते आणि लहानू त्यांना म्हणत होता, "जरा जल्दी, सर, करपून राहिले." वच्छलाने मला भरलं. मग तिने फुगा लावला आणि दाबला. लहानूने दुसऱ्या टोकाशी तळहात धरला.

"आली," तो म्हणाला. मग सरांनीही हात धरून पाहिला.

बर्फात बसवलेल्या चंबूत थेंब पडू लागले. या वेळी वायू माझ्याकडे आला तो न थांबता पुढे गेला, आणि भांड्यातल्या पाण्यावर पांढरं धुकं उतरलं. पुढचे तीन तास मी डोळ्यात तेल घालून पहारा केला. ओलीचा कणही आत जाऊ दिला नाही. माझ्याखाली, त्या कोरड्या चंबूत, भुकेला जन्माला येत होता आणि सुखी घर त्याला दार उघडत होतं.

संध्याकाळपर्यंत माल बर्फावर ओतून, धुऊन, वाळवून ऊर्ध्वपातनाला लागला. पारा दोनशे दोन अंशांवर येऊन थांबला आणि बिनरंगी, दाट द्रव थेंबाथेंबाने उतरला. त्याचं नाव ॲसिटोफिनोन. वास सगळ्या खोलीत भरला. वच्छलाने बाटलीचं तोंड जरा दुरून हुंगलं आणि ती एकदम हसली. "भाऊ, हा तं संत्र्याच्या फुलाचा वास आहे. आंबिया बहार आला की बाबाच्या कपड्याले असाच वास येते."

दिवाळीनंतर परीक्षक आले. बाहेरगावचे, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी नमुना परीक्षानळीत घेतला आणि नळी बर्फात धरली. हा पदार्थ शुद्ध असेल तर वीस अंशांच्या आसपास गोठतो. भेसळ असेल तर रेंगाळतो. वच्छला टेबलाची कड धरून उभी होती. सर दाराशी, लहानू त्यांच्या मागे. काचेच्या कांडीने परीक्षकांनी आतून एक ओरखडा काढला, आणि पाहता पाहता द्रवात चकचकीत पापुद्रे धरले. सगळा नमुना गोठला.

परीक्षकांनी मान हलवली आणि मांडणीकडे बोट केलं. "या सगळ्यात तुम्ही आधी काय तपासता?"

"ही नळी," वच्छला म्हणाली, आणि तिने माझ्यावर हात ठेवला. चंबूवर नाही, कंडेन्सरवर नाही. "इलेक्ट्रोफाइल भुकेला असतो, सर. त्याला आपण भूक लावतो, तर त्याच्या समोर दुसरं काही येणार नाही ही जबाबदारीही आपली. आणि आतलं बाहेर जायला वाट आहे का, तेही आपणच पाहायचं. मी एकदा पाहिलं नव्हतं."

शेवटचं वाक्य तिने सांगायची काही गरज नव्हती. परीक्षकांनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "आम्ही तिघांनीही पाहिलं नव्हतं." परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. वच्छला त्या वर्षी पहिल्या वर्गात पास झाली.

पुढच्या नवमीला पुन्हा पांढरं कापड अंथरलं. सरांनी कोरड्या बोटाने माझ्या पोटाला कुंकवाचा ठिपका लावला, मग फुगा लावून दाबला, आणि लहानू तळहात धरून म्हणाला, "आली, सर." एवढीच पूजा. मला तेवढी पुरे होती.

लहानू सत्याहत्तरला निवृत्त झाला, सर त्यानंतर दोन वर्षांनी. वच्छला भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात शिकवते. तिच्या वर्गात प्रयोगाआधी प्रत्येक विद्यार्थी फुगा दाबून दाखवतो, असं लहानू एकदा भेटायला आला तेव्हा सांगत होता. इकडे मात्र घासलेल्या सांध्यांची नवी, एकमेकांत चपखल बसणारी काच आली. तिची स्वतःची नळी होती, सरळ मानेची. एक्क्याऐंशी साली कुणीतरी मला शेवटचं वापरलं आणि भरलेलीच, बूच न लावता, खालच्या खणात टाकून दिलं. आता शहाऐंशी चालू आहे. या पाच पावसाळ्यांत माझ्या पोटातले खडे ओल पिऊन पिऊन दगड झाले आहेत. खण उघडणारे मला पाहतात, तुंबलेली आहे म्हणतात आणि खण लावतात.

मित्रांनो, मी रडगाणं गात नाही. ओल प्यायले ती कामातच प्यायले. माझी मागणी लहान आहे. तुमच्या शाळेतल्या, घरातल्या, कारखान्यातल्या कुठल्याही राबत्या वस्तूची आठवण फक्त सणाला ठेवू नका. काम झालं की तिला मोकळी करा, पुसा, आणि उद्या ती चालेल का ते आज पाहा. आणि कधी आमच्या रसायनशाळेत आलात तर डावीकडच्या कपाटाचा खालचा खण उघडा. वाकड्या मानेवरून मी ओळखू येईन. मला तासभर कोमट पाण्यात ठेवा. आतला दगड पाण्यातच विरघळतो. मग नागपूरच्या उन्हात चांगली वाळवा. एका टोकाला फुगा लावून दाबा आणि दुसऱ्या टोकाशी तळहात धरा. हाताला हवा लागली, तर फूल नको, मला काम द्या.